पपईचा चीक आणि माझी गैरहजेरी

माणसाचा अपमान कशाने होईल ते सांगता येत नाही. माझा मटणाच्या एका तुकड्याने झाला. तो तुकडा सासऱ्यांनी तोंडात घातला, बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवला, शेवटी बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे न बघता आपल्या मुलीला म्हणाले, "चव चांगली आहे हो. फक्त प्राणी अजून शरण आलेला नाही."

सासरे आमच्याकडे कवळी बसवायला आले होते. कवळी बसली; पाठोपाठ तेही बसले. हयातभर एका कचेरीच्या आस्थापना विभागात काढल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीतला नियम ठाऊक होता आणि नियमाप्रमाणे जावयाचं घर म्हणजे आपलंच घर. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार पुढच्या वाक्याबद्दल होती, आणि ते वाक्य माझ्या बायकोने उच्चारलं.

"ताईकडे मटण कसं लोण्यासारखं असतं, नाही बाबा?"

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. ताईचा नवरा म्हणजे माझा साडू. माणसाला शत्रू निवडता येतो, साडू निवडता येत नाही. माझ्या साडूची गाडी माझ्या गाडीपेक्षा लांब, त्याचे केस माझ्या केसांपेक्षा दाट, आणि आता त्याचं मटणही माझ्यापेक्षा मऊ निघालं. त्याच क्षणी, हात धुता धुता, मी मनाशी ठरवलं की या घरात असं मटण शिजेल की सासरे ते जिभेने तोडतील.

मटण मऊ कसं करायचं हा प्रश्न मी फक्त एकाला विचारला, आणि तोही जिन्यात. जिन्यात विचारलेला प्रश्न सगळ्या इमारतीला विचारल्यासारखा असतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, कुकरच्या शिट्ट्या वाढवा. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, शिट्ट्यांनी काय होतंय, मटणवाला बदला. शेवटी तिसऱ्या मजल्यावरून मास्तर उतरले. हे शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण समोर चार माणसं उभी दिसली की त्यांना वर्ग भरल्यासारखं वाटतं.

"चीक," मास्तर म्हणाले.

"कसला चीक?"

"कच्च्या पपईचा. त्या चिकात विकर असतं. विकर म्हणजे काय?"

सेक्रेटरींनी खाली मान घातली.

"विकर म्हणजे कात्री," मास्तरांनी स्वतःच उत्तर दिलं. "मांस म्हणजे प्रथिनांच्या लांबच लांब साखळ्या. हे विकर त्या साखळ्या कचाकच कापतं. तुमच्या पोटात जे काम व्हायचं, ते भांड्यातच होतं. पपईला, अंजिराला, रुईला, अशा चिकाच्या झाडांना ही विद्या जन्मतः असते. किडे पानं खायला आले की झाड उलट त्यांनाच पचवायला घेतं."

झाडांविषयी माझा आदर दुणावला. घरी आलेल्याला उलट पचवण्याची सोय आपल्याकडे का नसावी, असा विचारही चाटून गेला. पण तो मी सासऱ्यांच्या वयाकडे बघून सोडून दिला.

"चिमूटभर पुरे," मास्तर जाता जाता म्हणाले, "आणि हातमोजे घाला. माणूससुद्धा प्रथिनांचाच बनलेला आहे."

हे वाक्य मला पाठ आहे. कारण ते मी ऐकलं, मान डोलावली आणि स्वतःला त्यातून वगळलं. माणूस म्हटलं की आपल्याला नेहमी दुसराच कुणीतरी वाटतो.

पपईचं झाड काकूंच्या स्वयंपाकघरामागे होतं. ते कुणीच लावलं नव्हतं, म्हणून सोसायटीच्या मालकीचं होतं. मी सेक्रेटरींकडे गेलो.

"झाडाला इजा करायची तर सभेचा ठराव लागतो," ते म्हणाले.

"इजा नाही हो. फळाला नुसते ओरखडे काढायचेत."

"ओरखड्यालाही लागतो."

"मागच्या महिन्यात तुमच्या स्कूटरनं ते झाड वाकवलं, तेव्हा ठराव झाला होता का?"

"ती दुर्घटना होती. दुर्घटनेला ठराव लागत नाही. तुम्ही ठरवून करताय."

शेवटी तडजोड अशी झाली की निघणाऱ्या चिकातला अर्धा वाटा सोसायटीचा. सोसायटी त्या चिकाचं काय करणार, हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. हक्क सोडायचा नाही एवढंच त्यांना माहीत होतं. तो अर्धा वाटा पुढे सोसायटीच्या कार्यालयात एका बाटलीत बसून काळा पडला, आणि वार्षिक सभेत त्याच्या वासावर चर्चा झाली, पण ते असो.

रविवारी सकाळी मी स्टूल घेऊन झाडाखाली उभा राहिलो. एका काठीला पातं बांधलं होतं आणि चीक झेलायला सासऱ्यांची छत्री उघडून, उलटी करून बुंध्याला टांगली होती. ही पद्धत मास्तरांची. पपईच्या मळ्यात म्हणे असंच करतात. मळ्यात बघायला माणसं नसतात, हा फरक मात्र मास्तरांच्या लक्षात आला नाही. दूधवाला थांबला. पेपरवाला थांबला. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तर इस्त्री खाली ठेवून आला आणि म्हणाला, "काय साहेब, आज पाऊस खालून येणार आहे का?"

वरून मास्तर गॅलरीतून ओरडत होते, "उभा! ओरखडा उभा! खोल नको! आणि हातमोजे कुठायत?"

हातमोजे होते. पण ते बायकोचे भांडी घासायचे होते, गुलाबी रंगाचे, मनगटावर फुलं असलेले. दूधवाला, पेपरवाला आणि इस्त्रीवाला यांच्यासमोर आधीच उलट्या छत्रीखाली उभा असलेला माणूस गुलाबी फुलं घालून किती खाली जाईल, यालाही मर्यादा आहे. मी हातमोजे खिशात कोंबले.

चीक छान निघाला. पांढरा, दाट, थेंबाथेंबाने. पण छत्रीत पडला की दह्यासारखा घट्ट होऊन कापडाला चिकटायचा. चमच्याने निघेना. मग मी बोटांनी निपटून काढला. पाचही बोटांनी, मग दुसऱ्या हाताच्याही पाचांनी. छत्री मिटायला गेलो तर मिटेना. जी काडी मिटली ती पुन्हा उघडेना. सासरे म्हणाले, "असू दे. ती तुमच्या सासूबाईंनी दिलेली होती."

मास्तरांनी चिमूटभर म्हटलं होतं. पण मास्तरांनी सासऱ्यांची कवळी पाहिली नव्हती आणि माझ्या साडूलाही पाहिलं नव्हतं. मी सढळ हाताने चीक घेतला आणि मटणाच्या एकेका तुकड्याला दहाही बोटांनी असा चोळला, की जिवंतपणी त्या प्राण्याचे एवढे लाड कुणी केले नसतील. मग दुपारपर्यंत झाकून ठेवलं. मग मंद आचेवर चढवलं. मंद आचेवर या विकराला आणखी चेव येतो, हे मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

जेवायच्या वेळी बायकोने झाकण काढलं आणि नुसतीच बघत राहिली.

"अहो, मटण कुठाय?"

मी डाव घालून शोधलं. हाडं होती. धुवून पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ हाडं, तळ्यावर पोहायला आलेल्या मंडळींसारखी तरंगत होती. बाकी सगळीकडे एकसारखी, करड्या रंगाची लुकण. खिडकीची काच बसवायला चालली असती.

सासऱ्यांनी एक चमचा तोंडात घेतला. मग त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि म्हणाले, "हिला कशाला उगीच त्रास?" आणि दोन वाट्या प्यायले. प्यायले, हेच क्रियापद बरोबर आहे. कवळी बसवायला म्हणून आलेला माणूस माझ्या घरी कवळी काढून जेवला.

"ताईकडे निदान ते मटण आहे हे कळतं तरी," बायको म्हणाली.

संध्याकाळी बोटं चुरचुरायला लागली. सकाळी उठून पाहतो तर टोकं लालभडक आणि गुळगुळीत. रेघ नाही, वळण नाही, काही नाही. नव्या बशीसारखी तकतकीत. मला तेव्हा फक्त आग होत असल्याचं दुःख होतं. खरं दुःख कचेरीत माझी वाट बघत होतं.

आमच्या कचेरीत हजेरीला अंगठ्याचं मशीन आहे. पूर्वी माणसं उशिरा येऊन सही करायची. त्यावर उपाय म्हणून साहेबांनी हे मशीन बसवलं, आणि आता माणसं वेळेवर येऊन अंगठा लावतात आणि मग जातात. आमच्यातला एक सहकारी, ज्याला सगळे दुकानदार म्हणतात, सकाळी अंगठा लावून स्वतःच्या दुकानात जाऊन बसतो आणि संध्याकाळी पुन्हा येऊन अंगठा लावतो. मशीन बसल्यापासून तो एक दिवसही गैरहजर नाही. त्याचा सत्कारही झाला होता. सत्काराच्या वेळी तो दुकानात होता.

त्या सोमवारी मी अंगठा लावला. मशीनमधली बाई म्हणाली, "ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

मी पुन्हा प्रयत्न केला. मग तर्जनी लावली, मग करंगळी. शिपाई म्हणाला, फुंकर मारा. मारली. केसांत घासा म्हणाला. माझ्याकडे जेवढे आहेत तेवढ्यांत घासला. मागे रांग वाढत गेली. "ओळख पटली नाही," बाई दर वेळी तितक्याच गोड आवाजात म्हणत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हे ऐकायला विचित्र वाटतं. आणि ते ऐकून मागच्या रांगेतलं कुणीही "अहो, आम्ही ओळखतो यांना" असं म्हणालं नाही, ते त्याहून विचित्र वाटतं.

मी आस्थापनेच्या बाईंकडे गेलो. आमच्याकडच्या सगळ्या हजेऱ्या, रजा आणि बढत्या या बाईंच्या हातात. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"तुम्ही आज आलेला नाहीत."

"बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"उभे आहात ते दिसतंय मला. आलेला नाहीत."

"मग आज मी काम करू की नको?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "करा की. काम करायला हजेरी लागत नाही. पगाराला लागते."

तर मी काम केलं. तो आठवडाभर मी रोज वेळेवर येऊन गैरहजर राहिलो. दुकानदाराचं कामही माझ्याकडेच आलं, कारण तो हजर असून जागेवर नव्हता आणि मी जागेवर असून हजर नव्हतो. मग विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल माझ्या नावे नोटीस निघाली. कचेरीतून बाहेर जाणाऱ्या कागदांवर शिक्का मारणं हे माझं काम, त्यामुळे ती माझ्याच टेबलावर आली. मी शिक्का मारला, शिपायाला दिली. शिपाई टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "घ्या, तुमची नोटीस." मी सही करायला पेन काढलं तर तो घुटमळला. "पण साहेब, तुम्ही गैरहजर ना? मग सही चालेल का?"

यात हसण्यासारखं काही नव्हतं. बढतीची यादी तयार होत होती. याआधी तीनदा यादी निघाली आणि तीनदा माझं नाव शेपटाला लटकून खाली पडलं होतं. साडूला बढती मिळून जमाना झाला होता. आणि बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "गैरहजर माणसाला बढती कशी देणार? ती मिळाल्याचं त्याला कळवायचं कुठे?"

शेजाऱ्यांनी पुन्हा जिन्यात सल्ले दिले. काकू म्हणाल्या, बोटांना साय लावा. सेक्रेटरी म्हणाले, पेन्सिलीने रेघा काढा. मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "मी म्हटलं होतं." हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणूनच काही लोक शिक्षक होतात. कातडीच्या डॉक्टरांनी बोटं उलटसुलट केली, काय झालं ते विचारलं आणि मी सांगायला लागलो तेव्हा "थांबा, थांबा" म्हणून शेजारच्या दातांच्या डॉक्टरलाही ऐकायला बोलावलं. दोघांचं हसून झाल्यावर म्हणाले, "येतील रेघा परत. नवी कातडी आली की ठसा पूर्वीसारखाच येतो. घाई करू नका."

"डॉक्टर, घाई मी करत नाही. मशीन करतं."

शेवटी मशीनच्या कंपनीचा माणूस आला. त्याने सांगितलं की नवा ठसा नोंदवणं अगदी सोपं आहे. फक्त आधी जुना अंगठा लावून ओळख पटवावी लागते.

"जुना अंगठाच तर गेलाय," मी म्हणालो.

"मग तो आला की नोंदवू."

"तो आल्यावर नवा कशाला नोंदवू?"

"तेही खरंच," तो म्हणाला आणि चहा प्यायला बसला.

नेमके त्याच वेळी सासरे आले. मी डबा घरी विसरलो होतो, तो घेऊन. खोलीत पाऊल ठेवताच त्यांनी जो श्वास घेतला, तसा माणूस गावी परतल्यावर घेतो. फायलींची रॅक पाहिली, बाईंचं टेबल पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसले. सगळा प्रकार ऐकून घेतला.

"नियम काय म्हणतो? शब्दशः सांगा," ते बाईंना म्हणाले.

"प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावापुढे एक स्पष्ट ठसा नोंदवलेला असणं अनिवार्य आहे."

"एक स्पष्ट ठसा. कुणाचा ते म्हटलंय का?"

बाई थबकल्या. कंपनीचा माणूस कपात बघत म्हणाला, "कुणाचं बोट आहे ते लिहायला मशीनमध्ये जागाच नाही. नाव आणि बोट, एवढंच. ओळख पटवायची अट मात्र आस्थापनेच्या अधिकाराने काढता येते, एका नावासाठी एकदाच."

"मग काढा," सासरे म्हणाले आणि आपला उजवा अंगठा पुढे केला. "चाळीस वर्षं फायली उलटल्यात, पण रेघ न् रेघ शाबूत आहे."

मी म्हटलं, "बाबा, अहो, हे कसं चालेल?"

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला हजर व्हायचंय की बरोबर ठरायचंय?"

बाईंना प्रकरण संपवायचं होतं. सासऱ्यांचा अंगठा माझ्या नावापुढे चढला. मशीनमधली बाई म्हणाली, "धन्यवाद. आपली उपस्थिती नोंदवली आहे." सासऱ्यांचे डोळे भरून आले. "निवृत्त झाल्यापासून," ते म्हणाले, "एवढं गोड कुणी बोललं नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याआधी तयार होऊन दारात उभे. सकाळी अंगठा, संध्याकाळी अंगठा, आणि मधल्या वेळात जायचं कुठे म्हणून कचेरीतच. आधी ते बाकावर बसायचे. मग बाईंनी त्यांना एक जुना वेतननिश्चितीचा गुंता दाखवला आणि त्यांनी तो चहा निवायच्या आत सोडवला, तेव्हा त्यांना खुर्ची मिळाली. मग साहेबांनीच बोलावून घेतलं. साहेबांच्या केबिनमध्ये मी इतक्या वर्षांत दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा पंखा दुरुस्त करणाऱ्याला वाट दाखवायला. सासरे रोज जाऊ लागले. आतून हसण्याचे आवाज यायचे. मी बाहेर शिक्के मारायचो, स्वतःचे आणि दुकानदाराचे.

महिना-दीड महिन्याने बोटांवर रेघा उमटल्या. मला काय आनंद झाला! धावत मशीनकडे गेलो आणि अंगठा लावला. "ओळख पटली नाही." साहजिकच. माझ्या नावावर आता मी नव्हतोच. बदल करायचा तर नोंदवलेल्या अंगठ्याची संमती हवी. मी घरी विषय काढला.

"यादी लागू द्या आधी," सासरे म्हणाले. "चालत्या गाडीला खीळ घालू नये."

"बाबांचं ऐका हो," बायको म्हणाली. "बघा कसे तरतरीत झालेत."

यादी लागली. माझं नाव सगळ्यात वर होतं. बाईंनी शेरा वाचून दाखवला: "अत्यंत वक्तशीर, अनुभवी, प्रसन्न स्वभावाचे, वरिष्ठांना मोलाचा सल्ला देणारे." मला भरून आलं. मग लक्षात आलं, यातलं एकही विशेषण माझं नाही. दुकानदारालाही बढती होतीच, पण माझ्याखाली.

बढतीबरोबर बदलीही आली. दुसऱ्या शहरातल्या कचेरीत, आठवड्याच्या आत रुजू व्हायचं. रुजू अर्थातच अंगठ्याने. बायकोने आपल्या वडलांची बॅग भरली, त्यात नवा शर्ट ठेवला. माझी बॅग मी भरली. ताईचा फोन आला, तिने आधी बाबांचं अभिनंदन केलं आणि मग मला विचारलं, "तुम्हीही जाताय का सोडायला?"

बसमधून उतरून आम्ही सरळ त्या कचेरीत गेलो. सासऱ्यांनी अंगठा लावला. तिथल्या मशीनमधल्या बाईने माझ्या नावाने त्यांचं स्वागत केलं. तिथले साहेब स्वतः दारापर्यंत आले, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "या, या! तुमच्याबद्दल फार ऐकलंय." मी दोन्ही बॅगा घेऊन मागे उभा होतो. साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"आणि हे?"

मी तोंड उघडलं. पण बॅगा खाली ठेवून मग बोलावं म्हटलं, आणि तेवढ्यात सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हे आमचे जावई," ते मायेनं म्हणाले. "स्वभावाने गरीब आहेत. सध्या रिकामेच आहेत. तुमच्याकडे काही असलं तर बघा."

साहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बघू, एखादी हंगामी जागा असेल," ते म्हणाले. "पण आमच्याकडे ठशाचं फार कडक आहे. बोटं ठीक आहेत ना यांची?"

मी बॅगा खाली ठेवल्या आणि दहाही बोटं पुढे केली.